तीन रंगांचा ध्यास घेतलेला संशोधक

घराघरांतील भिंतींवर आता सपाट पडद्यांचे दूरचित्रवाणी संच विराजमान झाले आहेत आणि पिक्चर ट्यूबचे जुने, अवजड संच भंगारवाल्याच्या हातगाडीवरून कवडीमोलाने निघून गेले आहेत. तरीही जगात अशी काही हौशी मंडळी आहेत, की जी हे जुने संच मुद्दाम शोधून आणतात, त्यांचे मागचे आवरण उघडतात आणि आतल्या सर्किट बोर्डावर तीन बारीक वायरी जोडतात. एक वायर लाल रंगाच्या संदेशासाठी, दुसरी हिरव्यासाठी आणि तिसरी निळ्यासाठी. १९८० आणि १९९० च्या दशकांतील व्हिडिओ गेम ज्या पडद्यासाठी तयार झाले, त्याच पडद्यावर ते पूर्ण तेजाने पाहावेत, हा त्यामागचा हेतू असतो.

हा खटाटोप कशासाठी, हे समजून घेण्यासारखे आहे. पूर्वीच्या संचात अँटेनातून किंवा पिवळ्या सॉकेटमधून येणाऱ्या एकाच संदेशात चित्राचा उजेड आणि रंग एकत्र मिसळलेले असत. संचातील डीकोडर ते पुन्हा वेगळे करी. या मिसळण्यात आणि वेगळे करण्यात थोडी हानी होतेच. अक्षरांच्या कडांना रंगांची झालर दिसते, लाल रंग शेजारच्या जागेत पसरतो. प्रत्यक्षात रंगीत पिक्चर ट्यूबच्या मानेत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी तीन स्वतंत्र इलेक्ट्रॉन गन असतात. शेवटी रंग वेगळे करावेच लागणार असतील, तर ते मुळात मिसळायचे कशाला, असा साधा प्रश्न या हौशी तंत्रज्ञांना पडला.

युरोपातील अनेक संचांना २१ पिनांचे ‘स्कार्ट’ सॉकेट असे. त्यातून हे तीन रंग थेट आत नेता येत. भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक संचांना अशी सोय नव्हती. मात्र पडद्यावर चॅनेलचा क्रमांक किंवा आवाजाची पट्टी दाखवण्यासाठी संचातील एक चिप तीन रंगांच्या तीन पिनांवरून आपली अक्षरे चित्रात घालत असते. हौशी तंत्रज्ञ नेमक्या याच वाटेने आत शिरतात. सुमारे ०.७ व्होल्टचा प्रत्येक रंगाचा संदेश ७५ ओहमच्या रोधासह तेथे जोडला जातो, चित्राची लय सांभाळणारा सिंक संदेश दिला जातो आणि मूळ चित्र बाजूला सारण्याचा इशारा देणारी आणखी एक वायर लावली जाते. मात्र हे काम जाणत्यांनीच करावे असे आहे. संचाची पिन भिंतीतून काढल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टहून अधिक दाबाचा विद्युतभार साठून राहू शकतो.

चित्राचे तीन रंगांत विभाजन करायचे आणि ते तीन रंग वेगवेगळ्या वाटांनी पडद्यापर्यंत न्यायचे, ही कल्पना आज एखाद्या दुपारच्या कामाइतकी सोपी झाली आहे. पण त्यासाठी एका माणसाने आयुष्याची सोळा वर्षे, आपले आरोग्य आणि आपली पुंजी खर्ची घातली. त्याचे नाव जॉन लोगी बेअर्ड. शाळेच्या पुस्तकात दूरचित्रवाणीचे जनक म्हणून एका ओळीत ते भेटतात आणि पुढच्या ओळीत विस्मरणात जातात. फिरत्या तबकडीचे यंत्र बनवणारे आणि इलेक्ट्रॉनिक तंत्रापुढे पराभूत झालेले संशोधक, एवढीच त्यांची ओळख उरली आहे. पराभवानंतर त्यांनी काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. खरे तर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे पर्व तेच होते.

बेअर्ड यांचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील हेलेन्सबर्ग या गावी झाला. वडील रेव्हरंड जॉन बेअर्ड धर्मोपदेशक होते. आई जेसी ही ग्लासगोतील जहाजबांधणी करणाऱ्या सधन घराण्यातील. चार भावंडांत जॉन धाकटे. प्रकृती लहानपणापासूनच तोळामासा. थंडी आणि सर्दी यांनी त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. पण हा अशक्त मुलगा स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हता. रस्त्यापलीकडच्या मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून त्याने स्वतःचे टेलिफोन केंद्र सुरू केले होते आणि वडिलांच्या घरात विजेचे दिवेही लावले होते.

ग्लासगोच्या तंत्रविद्यालयात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे बीबीसीचे सर्वेसर्वा झालेले जॉन रीथ त्याच विद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यानंतर बेअर्ड ग्लासगो विद्यापीठात दाखल झाले. पण पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पदवी अर्धवट राहिली. प्रकृतीच्या कारणास्तव सैन्याने त्यांना नाकारले. क्लाइड खोऱ्यातील वीज कंपनीत नोकरी करताना कोळशाच्या कांडीतून प्रचंड विद्युतप्रवाह सोडून हिरा तयार करण्याचा प्रयोग त्यांनी केला. हिरा काही झाला नाही. परिसराचा वीजपुरवठा मात्र खंडित झाला.

मग सुरू झाली उद्योगांची भटकंती. पाय कोरडे व उबदार ठेवणारे मोजे त्यांनी बाजारात आणले. त्या धंद्यात चार पैसे मिळाले. पण प्रकृतीने साथ सोडली. हवापालटासाठी १९१९ च्या अखेरीस ते वेस्ट इंडिजमधील त्रिनिदाद बेटावर गेले आणि तेथे मुरंब्याचा कारखाना काढला. उकळत्या साखरेवर किड्यांच्या झुंडी तुटून पडल्या आणि तो व्यवसायही बुडाला. लंडनला परतून त्यांनी साबण विकला. पुन्हा आजारपण आले. १९२३ च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथे ते विश्रांतीसाठी राहू लागले, तेव्हा वय पस्तिशीला टेकले होते. हाती नोकरी नव्हती, प्रकृती नव्हती आणि पैसाही नव्हता.

दूरचित्रवाणीचा ध्यास त्यांना येथे लागला. चित्राचे ठिपक्यांत तुकडे करण्यासाठी भोके पाडलेली फिरती तबकडी वापरण्याची कल्पना जर्मनीतील पॉल निपको यांनी १८८४ मध्येच मांडली होती. ती प्रत्यक्षात कोणी उतरवली नव्हती. बेअर्ड यांनी टोपीचा जुना डबा, चहाचे खोके, रफू करण्याच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे, लाख आणि सरस अशा सामानातून यंत्र उभे केले. १९२४ मध्ये क्रॉसच्या आकाराची सावली काही फुटांपर्यंत पाठवण्यात त्यांना यश आले. त्याच वर्षी जुलैमध्ये हजार व्होल्टचा धक्का बसून ते फेकले गेले. हात भाजण्यावर निभावले. पण जागेच्या मालकाने त्यांना जागा सोडण्यास सांगितले.

लंडनच्या सोहो भागातील २२, फ्रिथ स्ट्रीट या पत्त्यावरील माळ्यावर त्यांनी नवा संसार थाटला. सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात १९२५ मध्ये तीन आठवडे यंत्राचे प्रयोग दाखवून त्यांनी काही पैसे मिळवले. २ ऑक्टोबर १९२५ रोजी एका बोलक्या बाहुलीचा चेहरा, ओठांच्या आणि डोळ्यांच्या छटांसह, पलीकडच्या पडद्यावर उमटला. दिव्यांची उष्णता इतकी असे, की तासन् तास समोर बसवण्यासाठी बाहुलीच हवी होती. चित्र दिसताच बेअर्ड जिना उतरून धावत गेले आणि खालच्या कार्यालयातील विल्यम टेंटन या नोकर पोराला घेऊन आले. दिव्यांना घाबरून तो मागे सरकला, तेव्हा अर्धा क्राउन देऊन त्याला पुन्हा बसवावे लागले. दूरचित्रवाणीवर दिसलेला पहिला मानवी चेहरा या पोराचा. पुढे २६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनचे सदस्य आणि ‘द टाइम्स’चा बातमीदार यांच्यासमोर त्याच माळ्यावर प्रात्यक्षिक झाले आणि बेअर्ड यांचे नाव जगापुढे आले.

त्यानंतरची दोन वर्षे वेगाने गेली. १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून लंडनचे चित्र ग्लासगोला गेले. १९२८ च्या फेब्रुवारीत ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळील हार्ट्सडेल येथे पोचले. ३ जुलै १९२८ रोजी बेअर्ड यांनी रंगीत दूरचित्रवाणीचे जगातील पहिले प्रात्यक्षिक केले.

या प्रात्यक्षिकामागे एक जुने तत्त्व होते. स्कॉटलंडचेच जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशात घेतलेली तीन छायाचित्रे एकत्र करून रंगीत चित्र दाखवले होते. बेअर्ड यांनी तेच तत्त्व हलत्या चित्राला लावले. त्यांच्या तबकडीवर भोकांच्या तीन सर्पिल ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे एकेका रंगाची काच. पलीकडे लाल रंगासाठी निऑनचा दिवा, तर हिरव्या-निळ्यासाठी पारा आणि हेलियम वायूंचे दिवे आळीपाळीने लागत. वेगवेगळ्या रंगांच्या टोप्या घालणारी नोएल गॉर्डन ही लहान मुलगी आणि स्ट्रॉबेरीची परडी त्या चिमुकल्या पडद्यावर रंगात दिसली. ती मुलगी पुढे दूरचित्रवाणीवरील नामवंत अभिनेत्री झाली.

३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून बेअर्ड यांचे प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाले. आरंभी प्रक्षेपणासाठी एकच मार्ग उपलब्ध असल्याने आधी चित्र आणि मग आवाज, असा क्रम होता. आवाज आणि चित्र एकत्र येण्यास १९३० चा मार्च उजाडला. १९३१ मध्ये त्यांनी डर्बीची घोड्यांची शर्यत थेट दाखवली आणि त्याच वर्षी मार्गारेट आल्बू या पियानोवादक तरुणीशी न्यूयॉर्कमध्ये विवाह केला. बाहेरून पाहणाऱ्याला हा कीर्तीचा कळस वाटला असता. प्रत्यक्षात पायाखालची जमीन सरकू लागली होती.

फिरत्या तबकडीला मर्यादा होती. तीस रेषांच्या चित्रात चेहरा ओळखता येई. पण त्यापेक्षा फार तपशील मिळत नसे. दुसरीकडे कॅथोड-रे ट्यूब, म्हणजेच पुढे घराघरांत गेलेली पिक्चर ट्यूब, पुढे सरकत होती. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेल्या या नळीत फिरणारा एकही भाग नव्हता. तेथे इलेक्ट्रॉनांचा झोत स्वतःच पडद्यावर धावे. आयझॅक शोएनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली मार्कोनी-ईएमआय कंपनीने कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत सर्व काही इलेक्ट्रॉनिक केले. १९३२ मध्ये बेअर्ड यांची कंपनी गाँमाँ-ब्रिटिश या चित्रपट संस्थेच्या ताब्यात गेली आणि स्वतःच्या नावाच्या कंपनीत बेअर्ड यांच्या शब्दाला पूर्वीचे वजन राहिले नाही.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली. दोन्ही पद्धती आळीपाळीने वापरून पाहायच्या, असे ठरले होते. नाणेफेकीचा कौल बेअर्ड कंपनीच्या बाजूने लागला आणि पहिला मान तिला मिळाला. पण कौल नाण्याचा होता, गुणवत्तेचा नव्हे. बेअर्ड कंपनीचे चित्र २४० रेषांचे, तर प्रतिस्पर्ध्याचे ४०५ रेषांचे. बेअर्ड कंपनीच्या एका पद्धतीत तर आधी चित्रपटाच्या फिल्मवर चित्रण करून, ती तत्काळ धुऊन, मगच प्रक्षेपण होत असे. त्यासाठीचा कॅमेरा जागचा हलवता येत नसे. महिना उलटतो न उलटतो तोच, ३० नोव्हेंबरच्या रात्री क्रिस्टल पॅलेसला भीषण आग लागली. कंपनीच्या बहुतेक प्रयोगशाळा तेथेच होत्या. १९३७ च्या फेब्रुवारीपासून बीबीसीने केवळ ४०५ रेषांची पद्धत ठेवली. बेअर्ड यांची पद्धत बाद झाली, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते.

एखाद्याने येथे हाय खाल्ली असती किंवा आपलेच यंत्र कसे श्रेष्ठ होते, हे सांगण्यात उर्वरित आयुष्य घालवले असते. बेअर्ड यांनी दोन्ही केले नाही. प्रतिस्पर्ध्याचे तंत्र अधिक चांगले आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्या तंत्राकडे नसलेली एक गोष्ट हेरली. ४०५ रेषांचे ते रेखीव चित्र काळे-पांढरे होते. रंग अजून कोणाकडेच नव्हता.

१९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या डोमिनियन चित्रपटगृहात मोठ्या पडद्यावर त्यांनी १२० रेषांचे रंगीत चित्र दाखवले. ते आरशांच्या फिरत्या यंत्राने साधले होते. १९३९ मध्ये मात्र त्यांनी ज्या नळीने आपल्याला हरवले तीच हाती घेतली. साध्या पिक्चर ट्यूबसमोर रंगीत काचांची फिरती तबकडी बसवून त्यांनी तिच्यावर रंगीत चित्र उमटवले. मूळ संचाची नळी तीच ठेवून तिला रंगाची वाट करून द्यायची, हा विचार आजच्या हौशी तंत्रज्ञांना ओळखीचा वाटेल.

१ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धाच्या सावटाखाली बीबीसीने दूरचित्रवाणी सेवा बंद केली. ग्राहकच उरले नाहीत, त्यामुळे बेअर्ड यांची कंपनीही मोडीत निघाली. पत्नी आणि डायना व माल्कम ही दोन मुले कॉर्नवॉलमधील सुरक्षित गावी गेली. बेअर्ड लंडनच्या सिडनहॅम भागातील आपल्या घरालगतच्या प्रयोगशाळेत राहिले. शहरावर बॉम्ब पडत होते, सुटे भाग मिळत नव्हते, पगार देणारे कोणी नव्हते. मोजक्या सहाय्यकांचा खर्च ते स्वतःच्या शिलकीतून करीत. १९४१ मध्ये केबल अँड वायरलेस कंपनीने सल्लागार म्हणून नेमले, एवढाच काय तो आधार. अशा अवस्थेत १९४० च्या अखेरीस त्यांनी ६०० रेषांचे रंगीत चित्र साध्य केले. १९४१ मध्ये खोलीचा आभास देणारे त्रिमितीय रंगीत चित्रही दाखवले.

या सर्व प्रयोगांत फिरती तबकडी अजून शिल्लक होती. ती काढून टाकायची, तर रंग नळीच्या आतच निर्माण व्हायला हवेत. त्यासाठी बेअर्ड यांनी ‘टेलिक्रोम’ ही नळी घडवली. तिच्या मध्यभागी अभ्रकाचा पातळ पडदा होता. पडद्याच्या एका बाजूला नारिंगी-लाल आणि दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवा प्रकाश देणारा लेप होता. दोन्ही बाजूंना एकेक इलेक्ट्रॉन गन होती. प्रत्येक गनला तिच्या रंगाचा स्वतंत्र संदेश मिळे आणि पाहणाऱ्याला दोन्ही रंग एकमेकांत मिसळून दिसत. १६ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी वार्ताहरांसमोर या नळीचे प्रात्यक्षिक केले. एकही फिरता भाग नसलेल्या रंगीत चित्रनळीचे ते पहिले प्रात्यक्षिक मानले जाते. दोन रंगांवर समाधान मानणे त्यांना शक्य नव्हतेच. पडद्याच्या एका बाजूला बारीक खाचा पाडायच्या, खाचांच्या दोन उतारांवर दोन वेगळे रंग द्यायचे आणि तीन गनांनी तीन रंग उजळायचे, असा तीन रंगांच्या नळीचा आराखडाही त्यांनी मांडला. तीन रंग, तीन गन, तीन स्वतंत्र संदेश! सोळा वर्षांपूर्वी तबकडीवर पाहिलेले स्वप्न आता काचेच्या नळीत उतरू पाहत होते.

युद्धोत्तर दूरचित्रवाणीचा विचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये लॉर्ड हँकी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्यापुढे बेअर्ड यांनी हजार रेषांच्या रंगीत पद्धतीचा आग्रह धरला. समितीनेही आपल्या अहवालात हजार रेषांच्या आसपासचे चित्र आणि रंग ही भविष्यातील उद्दिष्टे म्हणून मान्य केली. पण युद्धाने खंगलेल्या देशाजवळ त्यासाठी पैसा नव्हता. ७ जून १९४६ रोजी बीबीसीची सेवा पुन्हा सुरू झाली, ती जुन्याच ४०५ रेषांच्या काळ्या-पांढऱ्या चित्राने. त्या वर्षाच्या आरंभी बेअर्ड यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. सेवा सुरू झाल्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १४ जून १९४६ रोजी, समुद्रकाठच्या बेक्सहिल येथे त्यांचे निधन झाले. ते ५७ वर्षांचे होते. हेलेन्सबर्गच्या दफनभूमीत, जन्मगावच्याच मातीत, त्यांना विसावा मिळाला.

टेलिक्रोमचे पुढे उत्पादन झाले नाही. घराघरांत पोचलेली रंगीत पिक्चर ट्यूब ही तिची थेट वंशज नव्हे. अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९५० मध्ये दाखवलेल्या ‘शॅडो मास्क’ नळीत असंख्य छिद्रांचा धातूचा पडदा होता आणि त्याच रचनेने पुढे जग जिंकले. ब्रिटनमध्ये नियमित रंगीत प्रक्षेपण सुरू होण्यास १९६७ साल उजाडले. भारतात दूरचित्रवाणीला रंग लाभला तो १९८२ मध्ये. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. बेअर्ड यांच्या माळ्यावर बाहुलीचा चेहरा उमटला त्याला त्याच दिवशी ४७ वर्षे पूर्ण झाली होती, हा केवळ योगायोग.

इतिहास यशस्वी यंत्रांचा लिहिला जातो. त्या हिशेबात बेअर्ड यांच्या नावावर बाद झालेली तबकडी आणि न बनलेली नळी एवढेच जमा होते. पण संशोधकाची कसोटी आपले यंत्र जिंकले की हरले, एवढीच नसते. आपले यंत्र मागे पडल्यावर तो यंत्राला कवटाळतो की प्रश्नाला, हेही पाहावे लागते. बेअर्ड यांनी प्रश्न सोडला नाही. त्यासाठी त्यांनी स्वतःची तबकडी टाकली आणि प्रतिस्पर्ध्याची नळी उचलली.

टाकून दिलेल्या एखाद्या संचाच्या बोर्डावर आज कोणी लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वायरी जोडतो आणि विझलेला पडदा लख्ख रंगांनी उजळतो, तेव्हा त्या माणसाला बेअर्ड यांची आठवण होईलच असे नाही. टोपीच्या डब्यातून आणि सायकलच्या भिंगांतून दूरचित्रवाणी घडवणाऱ्या त्या संशोधकाला मात्र जुन्या सामानातून नवे चित्र काढण्याचा हा उद्योग नक्कीच आपला वाटला असता.